नव्या मुलखात काम मागताना



आजचं वाचन : महाभारत, विराटपर्व. पांडवांचा विराटनगरीत प्रवेश.

वनवासाची बारा वर्षं संपली. तेरावं वर्ष अज्ञातवासाचं. मत्स्य देश परका, खरी ओळख सांगायची सोय नाही. तरी पोटासाठी काम हवंच.

हा भाग आपण वेषांतराची गंमत म्हणून वाचतो. पण मी धारूरचा. आमच्याकडे दसरा-दिवाळी झाली की बालाघाटातल्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी थेट कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल ऊस तोडून फेडायची. म्हणून मला हा अध्याय परमुलखात काम शोधणाऱ्यांचा वाटतो. पुण्यात किंवा परदेशात पहिली नोकरी शोधणाऱ्यांचाही.

त्यातून तीन गोष्टी घेऊ.

१. येतं ते सांगा. भीमाने स्वयंपाक सांगितला, नकुलाने घोडे, सहदेवाने गाई, अर्जुनाने नृत्य-गायन. कुणी राजपुत्राचा तोरा मिरवला नाही. छोट्या कामाची लाज वाटली नाही.

२. अट आधीच बोला. द्रौपदी राणी सुदेष्णेकडे सैरंध्री म्हणून राहिली, पण उष्टं खाणार नाही आणि कुणाचे पाय धुणार नाही, हे तिने सुरुवातीलाच स्पष्ट केलं. गरजू माणसानेही अट घालायची असते! उचल किती, टनाला दर काय, खाडा झाला तर किती कापणार, हे निघण्याआधी विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे. नोकरीचा करार वाचून सही करणं हेही तेच.

३. आपली माणसं धरून राहा. अट घालूनही द्रौपदीला कीचकाचा त्रास चुकला नाही. भर सभेत त्याने तिला लाथ मारली, राजा काही करू शकला नाही. तेव्हा ती रात्री भीमाकडे गेली. आणि रोजच्या जगण्यातही पांडव वाटून घेत. भीम मुदपाकखान्यातलं अन्न देई, सहदेव दूध-दही-तूप, युधिष्ठिर द्यूतात जिंकलेलं धन. कामं वेगळी, पण कमाई सगळ्यांची.

हे तिसरं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. हुशारीवर काम मिळतं, पण परक्या ठिकाणी टिकतो तो सोबत असलेला माणूस. पाचटाच्या कोपीत शेजारची बाई आजारी पडली की तिच्या लेकरांना भाकरी देणारी दुसरी कोपीच असते. देव कोणत्या रूपात येतो म्हणून विचाराल, तर असाच येतो.

आजचा संकल्प : आपल्या गावाकडून शहरात नवीन आलेल्या एकाला आज फोन करायचा. "जेवलास का? कामाचं काय झालं?" एवढंच विचारायचं. जमलं तर आपल्या ताटातलं थोडं वाटायचं.

हे पांडुरंगा, परमुलखात गेलेल्या प्रत्येकाला मानाचं काम दे, आणि आम्हाला त्याची सोबत होऊ दे.

राम कृष्ण हरी!