काळ्या जमिनीत झुकत्या फांद्यांचा सूचिपर्णी वृक्ष

हिरवळीवर एकटा उभा असलेला, खाली झुकणाऱ्या फांद्यांचा सदाहरित वृक्ष उद्यानाची शोभा वाढवितो. सूचिपर्णी वृक्षांत काश्मीर सायप्रेस याकरिता प्रसिद्ध आहे. नावात काश्मीर असले, तरी तो मूळचा पूर्व हिमालयातील, भूतान व अरुणाचल प्रदेश या भागांतील होय. निळसर झाक असलेल्या त्याच्या डहाळ्या पडद्यासारख्या लोंबतात. आपल्याकडील सुरू दिसावयास काहीसा तसाच असला, तरी तो सपुष्प वनस्पती आहे, सूचिपर्णी नव्हे.

इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. उन्हाळ्यात येथील तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते. त्यामुळे हा वृक्ष येथे विनासायास वाढेल, अशी अपेक्षा ठेवू नये. तथापि उन्हापेक्षाही मोठा धोका माळव्याच्या काळ्या जमिनीचा आहे. पावसाळ्यात ही माती फुगते, मुळांना हवा मिळत नाही व ती कुजतात. उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडून मुळे तुटतात.

लागवड : चिकण काळ्या जमिनीत खोल खड्डा घेऊन तो भुसभुशीत मातीने भरल्यास सभोवतालचे पाणी त्यात साचते. म्हणून खड्ड्याऐवजी सुमारे ४५ सेंटिमीटर उंच व २ मीटर रुंद उंचवटा करावा. त्यासाठी २ भाग पोयट्याची माती, १ भाग बारीक मुरूम व १ भाग कुजलेले कंपोस्ट घ्यावे. १९२४ साली इंदुरात स्थापन झालेल्या वनस्पती उद्योग संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ विकसित केली. ढीग वेळोवेळी पालटून त्यात हवा खेळती ठेवणे, हे तिचे मर्म होय. मुळांनाही हवेची तितकीच गरज असते. जोराचा पाऊस ओसरल्यावर रोप लावावे.

निगा : पहिले दोन उन्हाळे पश्चिमेच्या बाजूस कडब्याचा किंवा तट्ट्याचा आडोसा करावा. पालापाचोळ्याचे आच्छादन द्यावे, परंतु ते खोडास चिकटू देऊ नये. बोटभर खोलीवर माती सुकली असेल तरच पाणी द्यावे. उंची मिळावी म्हणून मुख्य शेंडा बांबूस सैल बांधावा. पर्णहीन जुन्या फांदीला पुन्हा फूट येत नाही. म्हणून खोल छाटणी टाळावी.

रोप खरेदी करण्यापूर्वी ४५ सेंटिमीटर खोल खड्डा पाण्याने भरून पाहावा. दुसऱ्या दिवशीही पाणी टिकून राहिल्यास निचरा अपुरा आहे, असे समजावे. उंचवटा करणे शक्य नसेल, तेथे झुकत्या पानांचा आसुपालव लावावा. तो सूचिपर्णी नसला, तरी शाळा व पंचायतीच्या आवारात कमी खर्चात तशीच शोभा देतो.