शंभर पॉइंट चार

केमो चालू असलेल्या लेकराचा ताप अंगावर काढायचा नसतो. माझ्या मुलीला रक्ताचा कर्करोग झाला, तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी फाइलच्या पुठ्ठ्यावरच १००.४ हा आकडा लिहून दिला होता. थर्मामीटर तिथवर चढला की थेट दवाखाना, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. (तुमच्या डॉक्टरांचा आकडा थोडा वेगळा असेल, तो विचारून घ्या.)

आम्ही गावी असताना एका रात्री तिला हुडहुडी भरली. तालुक्याच्या दवाखान्यात ड्युटीवरचे डॉक्टर म्हणाले, "ताई, घसा लाल नाही, छाती स्वच्छ आहे. तापाचं औषध द्या, सकाळी लहान मुलांचे डॉक्टर बघतील." पोर बोलत होती, पाणी मागत होती, त्यामुळे त्यांना घाई पटेना. मी मुंबईच्या वॉर्डला फोन लावून त्यांच्या हातात दिला. मग कुठे कल्चरसाठी रक्त घेतलं, अँटिबायोटिकचा पहिला डोस शिरेतून गेला. पहाटे तिचं बीपी उतरलं. कल्चरमध्ये पुढे क्लेब्सिएला हा जंतू निघाला. सकाळपर्यंत थांबलो असतो तर काय झालं असतं, याचा विचार मला आजही सोसत नाही.

घसा स्वच्छ दिसला, याचा अशा मुलांत काहीच भरवसा नाही. सूज, लाली, पू हे सगळं पांढऱ्या पेशींचं काम. केमोनंतर साधारण सात ते चौदा दिवसांत काउंट पडतात, न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी पाचशेच्याही खाली जातात. मग जंतू रक्तात असले तरी बाहेर खूण दिसत नाही. केमोने आतड्याचं अस्तरही सोलवटतं, आणि आपल्याच पोटातले जंतू तिथून रक्तात शिरतात. कल्चरचा रिपोर्ट यायला दिवस-दोन दिवस लागतात. म्हणून त्याची वाट न बघता पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टमसारखं बऱ्याच जंतूंवर चालणारं इंजेक्शन दवाखान्यात पोचल्यापासून तासाभरात सुरू करायचं असतं.

घरात डिजिटल थर्मामीटर हवाच. ताप मोजून डॉक्टरांना फोन केल्याशिवाय पॅरासिटामॉल देऊ नका, तापच झाकला जातो. घरात उरलेलं अँटिबायोटिकही नको. आयबुप्रोफेन, गुदद्वारातून थर्मामीटर किंवा औषध, कमरेत इंजेक्शन, हे सगळं वर्ज्य. स्टेरॉइड चालू असेल तर ताप कधीकधी चढतही नाही, म्हणून मूल मलूल पडलं किंवा केमोसाठी बसवलेला पोर्ट फ्लश केल्यावर थंडी वाजली, तरी निघा. कॅज्युअल्टीच्या खिडकीशी केसपेपरच्या रांगेत उभं राहण्याआधी मोठ्याने सांगा, "केमो चालू आहे, ताप आहे."

आणि गावी जाण्याआधी तिथल्या बालरोगतज्ज्ञांना भेटून मुंबईच्या डॉक्टरांचं पत्र देऊन ठेवा. ते इंजेक्शन जवळच्या मेडिकलमध्ये रात्री मिळेल का, हेही विचारा. त्या रात्री ते दवाखान्यात नव्हतं; माझ्या भावाने मेडिकलवाल्याला घरी जाऊन उठवलं, तेव्हा मिळालं. आता गावी निघायचं ठरलं, की माझा पहिला फोन त्या मेडिकलवाल्याला असतो.