कानातील नाद आणि मनातील चिंता

रात्री गावातील वर्दळ थांबते, घरातील दिवे मालवले जातात आणि नेमक्या त्याच वेळी एखाद्या माणसाच्या कानात रातकिड्यांसारखी किरकिर सुरू होते. तो उठून खिडकी लावतो, तरी आवाज थांबत नाही. शेजारी निजलेल्या पत्नीला विचारतो. तिला काहीच ऐकू येत नाही. मग तो घाबरतो. ‘आपल्या डोक्यात काही बिघाड तर झाला नाही ना?’ ही शंका एकदा मनात शिरली की त्या रात्रीची झोप जाते. दुसऱ्या रात्री तो अंथरुणावर पडतो तो आवाजाची वाट पाहतच.

अशा व्यक्तीला आपल्याकडे बहुधा दोन प्रकारची उत्तरे मिळतात. एक, ‘काही नाही, मनाचे खेळ आहेत’. आणि दुसरे, ‘याला उपाय नाही, सवय करून घ्या.’ ही दोन्ही उत्तरे अपुरी असून दोन्हींमुळे रुग्णाची चिंता वाढते. कानातील आवाज नेहमीच नाहीसा करता येतो असे नाही. परंतु त्या आवाजामुळे होणारा मानसिक त्रास निश्चितपणे कमी करता येतो. हे अंतर समाजातील जाणत्या मंडळींनी नीट समजून घ्यावे, हा या लेखाचा हेतू आहे.

कर्णनाद म्हणजे काय?

बाहेर कोणताही आवाज नसताना कानात किंवा डोक्यात शिट्टी, गुणगुण, घोंघावणे अथवा किरकिर ऐकू येणे यास कर्णनाद म्हणतात. वैद्यकात त्याला टिनिटस असे नाव आहे. ही तक्रार नवी नाही. सुश्रुतसंहितेतील कानाच्या अठ्ठावीस रोगांत कर्णनाद आणि कर्णक्ष्वेड यांचा समावेश आहे. थोर जर्मन संगीतकार बेथोवन याने १८०१ साली आपल्या एका डॉक्टर मित्रास लिहिलेल्या पत्रात कानात रात्रंदिवस घोंघावत असल्याचे कळविले होते. लोकांत मिसळणेही आपण टाळू लागलो आहोत, असे त्याने त्याच पत्रात सांगितले होते.

जगभरच्या अनेक पाहण्यांचा एकत्रित आढावा २०२२ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार सुमारे १४ टक्के प्रौढांना कर्णनादाचा अनुभव येतो. मात्र तीव्र त्रास होणाऱ्यांचे प्रमाण सुमारे २ टक्के आहे. म्हणजे आवाज ऐकू येणाऱ्या सात माणसांपैकी साधारण एकालाच तो असह्य होतो. उरलेल्या सहांचे काय? त्यांनाही आवाज येतोच. पण त्यांचे जीवन विस्कटत नाही. या प्रश्नाच्या उत्तरातच उपचाराची दिशा सापडते.

आवाज कोठून येतो?

आपल्या अंतर्कर्णात शंखाच्या आकाराचा एक भाग असून त्यात अतिसूक्ष्म केशपेशी असतात. ध्वनीच्या कंपनांचे मज्जातंतूंना कळणाऱ्या संदेशांत रूपांतर करणे हे त्यांचे काम होय. वार्धक्य, यंत्रमागासारख्या यंत्रांचा दीर्घकाळ कानावर पडणारा गोंगाट, फटाके व ध्वनिक्षेपकांच्या भिंती, तसेच काही औषधे यांमुळे या पेशी नष्ट होतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. कानाकडून येणारे संदेश कमी झाले म्हणजे मेंदू आपली ग्रहणशक्ती वाढवितो, असे आजचे शास्त्र मानते. रेडिओवर दूरचे केंद्र अंधूक लागत असता आपण आवाज वाढविला की खरखरही वाढते, तसाच हा प्रकार आहे.

किंबहुना अशी खरखर थोड्याफार प्रमाणात सर्वांच्याच ठायी असते. अमेरिकेत हेलर व बर्गमन या संशोधकांनी ऐकणे निर्दोष असलेल्या ८० व्यक्तींना काही मिनिटे पूर्णतः निःशब्द खोलीत बसविले. बाहेरचा आवाज मुळीच नसताना त्यांपैकी ९४ टक्के व्यक्तींनी काही ना काही ऐकू आल्याचे सांगितले. हा प्रयोग १९५३ साली प्रसिद्ध झाला. यावरून, कानात आवाज येणे म्हणजे वेडाची सुरुवात नव्हे, हे स्पष्ट व्हावे.

आवाज आणि त्रास

पिठाच्या गिरणीशेजारी राहणाऱ्या कुटुंबाला गिरणीचा आवाज काही दिवसांनी जाणवेनासा होतो. पाहुणा मात्र त्याने हैराण होतो. उलट, गाढ झोपलेली आई तान्ह्या मुलाच्या बारीकशा कुरकुरीने जागी होते. याचा अर्थ असा की, कोणता आवाज महत्त्वाचा आणि कोणता दुर्लक्ष करण्याजोगा, हे मेंदू आवाजाच्या मोठेपणावरून नव्हे, तर त्याच्या अर्थावरून ठरवितो.

कर्णनादाचेही असेच आहे. यंत्राने मोजून पाहिले असता बहुतेक रुग्णांच्या कानातील आवाज हा त्यांना ऐकू येऊ शकणाऱ्या किमान ध्वनीपेक्षा थोड्याच डेसिबलने मोठा असतो, असे आढळते. त्याच्या मोठेपणाचा आणि रुग्णाच्या त्रासाचा संबंधही फारसा घनिष्ठ दिसत नाही. माणूस या आवाजाला नित्याचा समजू लागला की तो मागे पडतो आणि धोक्याची खूण समजला की पुढे येतो, हा विचार ब्रिटनमध्ये हॅलम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली मांडला. यास्ट्रेबॉफ यांनी १९९० साली मेंदूतील श्रवणकेंद्रे व भावनांची केंद्रे यांच्या संबंधावरून त्याचे स्पष्टीकरण दिले.

चिंतेचे दुष्टचक्र

चिंता ही मुळात उपयुक्त भावना आहे. वाटेत साप दिसताच छाती धडधडते, स्नायू ताठ होतात, कान टवकारले जातात. संकटाला तोंड देण्याची ही शरीराची तयारी होय. परंतु संकट नसतानाही ही तयारी आठवडेच्या आठवडे चालूच राहते, माणसाला दैनंदिन व्यवहार करणे अवघड होते, तेव्हा त्यास चिंताविकृती म्हणतात. कोणाला सदासर्वकाळ काळजी लागून राहते. कोणाला एकाएकी ‘आता आपण मरणार’ अशा भीतीचे झटके येतात. कोणी विशिष्ट जागा वा प्रसंग टाळू लागतो. जीव घाबरा होणे, पोटात गोळा येणे, हातपाय गळणे अशा शब्दांत आपल्याकडील माणसे हीच लक्षणे सांगत असतात.

कर्णनाद व चिंता एकत्र आल्या म्हणजे त्या एकमेकींना पोसतात. आवाज ऐकून माणूस घाबरतो; घाबरल्याने शरीर सावध होते; सावध शरीर कानांवर पहारा बसविते; पहाऱ्यामुळे आवाज अधिक ठळक होतो आणि भीती वाढते. मग झोप उडते. काही जण शांततेला भिऊन एकटे बसण्याचे टाळतात, तर काही जण गोंगाटाला भिऊन लग्नकार्य, भजन, सभा यांना जाणे सोडतात. या एकाकीपणातून पुढे नैराश्यही येऊ शकते. घरातील माणसांना मात्र बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणूनच रुग्णाला ‘सोंग करतो’ असा बोल ऐकावा लागतो.

प्रथम कानाची तपासणी

मनाचा विचार करण्यापूर्वी कानाची तपासणी अत्यावश्यक आहे. कानात साठलेला मळ, मधल्या कानातील रोग, रक्तदाब यांसारखी कारणे सापडल्यास त्यांवर इलाज करता येतो. क्षयरोगावर दिली जाणारी स्ट्रेप्टोमायसिनसारखी काही इंजेक्शने, क्विनाइन, मोठ्या मात्रेतील ॲस्पिरिन यांनीही कानात आवाज येऊ शकतो. तथापि अशा वेळी औषध आपल्या मनाने बंद न करता ते देणाऱ्या डॉक्टरांना त्वरित सांगावे.

पुढील लक्षणे असल्यास विलंब करू नये: आवाज एकाच कानात येणे, तो नाडीच्या ठोक्याबरोबर येणे, सोबत चक्कर येणे वा चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणे, आणि विशेषतः एका-दोन दिवसांत एकाएकी ऐकू येईनासे होणे. या शेवटच्या प्रकारात पहिल्या काही दिवसांतच उपचार सुरू झाल्यास ऐकणे परत येण्याची शक्यता अधिक असते. कानात कढत तेल ओतणे, काड्या घालणे हे घरगुती प्रकार मात्र कटाक्षाने टाळावेत.

उपचाराचे स्वरूप

तपासणीत गंभीर काही न आढळल्यास रुग्णाला त्याच्या आवाजाचे कारण समजावून सांगणे हाच पहिला उपचार ठरतो. ऐकणे कमी झाले असेल तर श्रवणयंत्राने दुहेरी लाभ होतो: बोलणे ऐकू येते आणि बाहेरच्या आवाजांत आतला आवाज विरतो. रात्री पूर्ण शांतता ठेवण्याऐवजी पंखा किंवा मंद लावलेला रेडिओ यांचा सौम्य आवाज राहू द्यावा. साध्या आवाजांना भिऊन कानांत सतत बोळे घालून ठेवल्यास कान अधिकच हळवे होतात. खऱ्या गोंगाटात मात्र कानांचे संरक्षण हवेच.

मानसिक त्रासावर सर्वाधिक पुरावा उपलब्ध असलेला उपाय म्हणजे विचार व वर्तन यांवर आधारलेली उपचारपद्धती, अर्थात कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी. माणसाला घटना नव्हे, तर घटनेचा त्याने लावलेला अर्थ त्रास देतो, हे तिचे सूत्र होय. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली व महाराष्ट्रात डॉ. कि. मो. फडके यांनी रुजविलेली विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती याच कुळातील आहे. ‘आता मला कधीच झोप लागणार नाही’, ‘मेंदूत गाठच असणार’ असे विचार रुग्णाकडून लिहून घेतले जातात. त्यांना आधार किती, हे त्याच्याबरोबर तपासले जाते. टाळलेल्या गोष्टी क्रमाक्रमाने पुन्हा सुरू केल्या जातात. संथ श्वसन, स्नायू सैल सोडणे, झोपेची ठराविक वेळ यांचा सराव करून घेतला जातो. साधारणतः काही आठवड्यांच्या बैठकांत हे काम होते.

२०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात २८ चाचण्यांतील २,७३३ रुग्णांची माहिती तपासण्यात आली. या उपचाराने कर्णनादाचा जीवनावरील दुष्परिणाम कमी होतो, असे तीत आढळले. परंतु हा लाभ पुढे सहा महिने ते वर्षभर कितपत टिकतो, याविषयीचा पुरावा अद्याप तोकडा आहे. आवाज बंद करण्याचे आश्वासन ही पद्धती देत नाही. आवाजाची सत्ता मोडणे एवढेच तिचे ध्येय आहे आणि ते लहान नाही.

कर्णनाद हमखास थांबविणारे औषध आजतागायत सिद्ध झालेले नाही. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली दिलेल्या मार्गदर्शनात जिंको, जस्त यांसारख्या पूरक गोळ्यांची शिफारस करू नये असे म्हटले आहे. ‘सात दिवसांत खात्रीने गुण’ अशा जाहिरातींना भुलून पैसा दवडू नये. सोबत चिंताविकृती वा नैराश्य असल्यास मात्र मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्याने घेतलेली औषधे उपयोगी पडतात. त्यांचा परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात. झोपेच्या व चिंताशामक गोळ्या मनाने दीर्घकाळ घेतल्यास त्यांची सवय जडते, हे लक्षात असावे.

आपण काय करू शकतो?

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असे दिसून आले की, निरनिराळ्या मानसिक विकारांच्या रुग्णांपैकी ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. ही दरी केवळ डॉक्टरांनी भरून निघणार नाही. आशा कार्यकर्ती, शिक्षक, ग्रामसेवक आणि पंचायत सदस्य यांच्यापर्यंत ही तक्रार आधी पोचते. त्यांनी ती हसण्यावारी न नेता ऐकून घ्यावी आणि रुग्णास प्राथमिक आरोग्य केंद्रामार्फत जिल्हा रुग्णालयात पाठवावे. तेथे कानाच्या तपासणीबरोबर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचाही लाभ मिळू शकतो. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य सल्ला मिळतो. हा क्रमांक शाळेच्या व पंचायतीच्या फलकावर लिहून ठेवावा. जगणे नकोसे झाल्याचे कोणी बोलून दाखविल्यास त्याला एकटे न सोडता तत्काळ मदत मिळवून द्यावी. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ अन्वये शासकीय सेवेतून मानसोपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. ती कोणाची मेहेरबानी नव्हे.

प्रतिबंधाचे काम तर सर्वस्वी आपल्याच हाती आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अनुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपकास मनाई असून, सण-उत्सवाच्या मोजक्या दिवशी राज्य शासन मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. वरात-मिरवणुकीच्या भिंतींपुढे नाचणाऱ्या तरुणाच्या एका रात्रीत नष्ट झालेल्या केशपेशी आयुष्यभर परत मिळत नाहीत. शिक्षकांनी हे वर्गात समजावून सांगितले आणि पंचायतीने नियमांची अंमलबजावणी होईल असे पाहिले, तर कित्येक कान वाचतील.

आणि ज्यांच्या कानात आज नाद घुमतो आहे, त्यांना एवढेच सांगावे: ‘तुम्हाला आवाज येतो यावर आमचा विश्वास आहे. तो घातक नाही ना, हे आधी तपासून घेऊ. नंतर त्याची भीती घालविण्याचे मार्ग आहेत. त्या मार्गाने आपण बरोबर जाऊ.’ विश्वासाचे हे दोन शब्द कोणत्याही खेड्यात, कोणत्याही खर्चाविना देता येतात. उपचाराचा आरंभ तेथूनच होतो.