अळीचं नाव काढायला किती पैसे लागतात?

तगरीच्या कुंडीत सकाळी नुसते दांडे उरलेले दिसतात आणि एका दांड्याला बोटाएवढी हिरवी अळी चिकटलेली असते. डोक्यामागे दोन निळे डोळे, शेपटीवर आखूड शिंग. हे नाव फुकटात मिळतं: ओलिअँडर हॉकमॉथ, कण्हेर-तगरीवर वाढणारा पतंग. सगळ्या अळ्या इतक्या सोप्या नसतात. पण खर्चाचा विचार करण्याआधी बिनखर्चाची कामं उरकावीत.

झाडाचं नाव आधी नोंदवा. ते कळलं की बरेच उमेदवार आपोआप बाद होतात. मग वरून, बाजूने, डोक्याचा आणि पायांचा असे स्वच्छ फोटो काढा. पोटाखालचे मांसल पाय मोजा. पतंगाच्या अळीला त्यांच्या पाचहून जास्त जोड्या सहसा नसतात. मुळा-मोहरीवरच्या काळपट अळीला आठ जोड्या दिसल्या, तर ती पतंगाची नाहीच. ती मोहरीवरची माशी, म्हणजे गांधीलमाशीची नातलग.

आय-नॅचरलिस्ट ॲप आणि मॉथ्स ऑफ इंडिया संकेतस्थळ, दोन्ही मोफत. ॲपने पहिल्या सेकंदात सुचवलेल्या नावावर मात्र विसंबू नका. अळी लहानाची मोठी होताना रंग बदलते. जाणकार दुजोरा देईपर्यंत थांबावं. भिंग हवं असेल तर साधारण दोनशे ते चारशे रुपयांत दहापट मोठं दाखवणारं मिळतं.

सर्वांत भरवशाचा उपाय जवळजवळ फुकट आहे: अळी वाढवा. रुंद तोंडाची बरणी, वर मलमलीचं फडकं, तळाला दोन-तीन इंच ओलसर माती आणि रोज त्याच झाडाची ताजी पानं. पतंग बाहेर आला की ओळख खूपच सोपी होते. काही कोष पंधरवड्यात फुटतात, काही पुढच्या पावसाळ्यापर्यंत हलत नाहीत. कधी पतंगाऐवजी परजीवी माश्याच बाहेर पडतात. तिथे नुकसानभरपाई नाही. काटेरी किंवा केसाळ अळीला हात लावू नका. २०२२ मध्ये गाजलेली ‘घोणस अळी’ अशीच डंखणारी. डंख झाल्यास चिकटपट्टीने केस उपटून जागा साबणाने धुवा आणि त्रास वाढला तर डॉक्टर गाठा. त्यासाठी जात कळायची वाट पाहू नये.

पिकावरची अळी असेल तर कृषी विज्ञान केंद्र किंवा तालुका कृषी कार्यालयात दाखवा. मक्यावरची लष्करी अळी, जी भारतात २०१८ मध्ये आढळली, डोक्यावरचा उलटा ‘वाय’ आणि शेपटीजवळ चौकोनात बसलेले चार ठिपके पाहून शेतातच ओळखता येते. प्रयोगशाळेचा प्रश्नच येत नाही.

यानंतरही अडलं तर भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पुण्यात आकुर्डीला पश्चिम विभागीय केंद्र आहे. नमुना नेण्याआधी शुल्क आणि मुदत विचारून घ्या. खासगी प्रयोगशाळेत डीएनए बारकोडिंगला एका नमुन्यामागे ढोबळमानाने दीड ते पाच हजार रुपये धरा. दरात जीएसटी आहे का, चाचणी फसली तर पुन्हा मोफत करतात का, हे लेखी घ्या. शिवाय तुमच्या अळीशी जुळणारी नोंद माहितीसाठ्यात नसेल, तर पैसे भरूनही हाती फक्त कुळ किंवा प्रजाती लागते, जात नाही. नमुना तीव्र इथेनॉलमध्ये द्या. फॉर्मेलिनने डीएनए खराब होतो.

माझं मत स्पष्ट आहे: संशोधन किंवा निर्यातीतला वाद नसेल, तर बारकोडिंगवर रुपयाही घालू नका.