आर्येन रॉबेन : एका कडेच्या गड्याचा खेळ

फुटबॉलच्या अकरा गड्यांपैकीं जो मैदानाच्या अगदीं कडेनें खेळतो, त्यास आपल्याकडील जुने खेळाडू लेफ्ट-आउट अथवा राइट-आउट म्हणत. हल्लीं त्यास विंगर म्हणतात. ह्या गड्याची स्थिति मोठी चमत्कारिक असते. एका बाजूस चुन्याची रेघ, दुसऱ्या बाजूस प्रतिपक्षाचा बॅक. कित्येकदां दहा-दहा मिनिटें चेंडू त्याच्याकडे फिरकत नाहीं, आणि फिरकला म्हणजे सर्व प्रेक्षकांची अपेक्षा अशी कीं, ह्यानें आतां कांहीं तरी अद्भुत करून दाखवावें. नेदर्लंड्स, ज्यास आपण सामान्यतः हॉलंड म्हणतों, त्या लहानशा देशानें असे गडी पुष्कळ निर्माण केले. फाइनोर्ड संघाचा कून माउलिन, आयाक्सचा पीट कायझर हीं नांवें तेथील वृद्ध लोक अद्यापि आदरानें घेतात. त्याच परंपरेंतील आर्येन रॉबेन ह्याच्या खेळाचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. त्याच्या खेळांत एक कोडें आहे. त्याची मुख्य युक्ति एकच होती; ती सर्वांस ठाऊक होती; आणि तरीहि ती दहा वर्षें चालली. हें कसें झालें?

रॉबेनचा जन्म २३ जानेवारी १९८४ रोजीं झाला. देशाच्या उत्तर टोंकास ग्रोनिंगेन प्रांत आहे. प्रदेश सपाट, गवताळ व वाऱ्याचा. ग्रोनिंगेन शहराच्या उत्तरेस थोड्या अंतरावर बेडुम हें त्याचें गांव. तेथील जुन्या चर्चचा मनोरा एका अंगास झुकलेला असून गांवकऱ्यांस त्याचा अभिमान वाटतो. गांवच्या क्लबांत खेळत असतांना ह्या मुलाला कूर्व्हर ह्यांच्या शिक्षणपद्धतीची गोडी लागली.

ह्या पद्धतीविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. व्हील कूर्व्हर हे डच शिक्षक; त्यांच्या हाताखालीं फाइनोर्ड संघानें १९७४ सालीं युएफा चषक जिंकला. चेंडू खेळविण्याचें कौशल्य ईश्वरी देणगी आहे, तें ज्याच्यापाशीं असेल त्याच्यापाशीं असेल, असें लोक समजत. कूर्व्हर ह्यांना हें पटेना. त्यांनीं नामांकित खेळाडूंच्या चित्रफिती पुनःपुन्हां पाहून त्यांच्या हुलकावण्यांचे तुकडे पाडले : पाऊल कोठें पडतें, खांदा केव्हां झुकतो, चेंडूस पायाचा कोणता भाग लागतो. मग हे तुकडे मुलांकडून पाढ्यांप्रमाणें घोटून घ्यावयाचे. ह्या पद्धतीनें यंत्रवत् खेळाडू तयार होतात असा आक्षेप कांहीं जण घेतात. प्रस्तुत लेखकास तो आक्षेप मान्य नाहीं. पाढे पाठ असलेला मुलगाच गणितांत पुढें स्वतंत्र विचार करूं शकतो.

पुढील प्रवास थोडक्यांत सांगतों. २००० सालच्या डिसेंबरांत, वयाच्या सतराव्या वर्षांत, तो ग्रोनिंगेन क्लबाच्या मुख्य संघांतून खेळला. २००२ सालीं आइंडहोव्हेनच्या पी.एस.व्ही. संघांत गेला व पहिल्याच वर्षीं देशाच्या विजेतेपदाचा वांटेकरी झाला. २००४ सालीं लंडनचा चेल्सी क्लब, २००७ सालीं रेआल माद्रिद. विजेतेपदें दोन्हींकडे मिळालीं, आणि दुखापतीहि दोन्हींकडे झाल्या. त्याच्या मांडीचे स्नायू वरचेवर दुखावत. हा काचेचा मनुष्य आहे, असें लोक म्हणूं लागले. माद्रिदच्या संघास त्याची गरज उरली नाहीं, तेव्हां ऑगस्ट २००९ मध्यें तो जर्मनींतील बायर्न म्यूनिख संघांत आला. २९ ऑगस्ट रोजीं वोल्फ्सबुर्गविरुद्ध अर्धा खेळ झाल्यावर तो मैदानांत उतरला व त्यानें दोन गोल केले. त्याचा खरा काळ येथून सुरू होतो.

आतां त्या युक्तीकडे वळूं. रॉबेन डाव्या पायाचा गडी. जुन्या शिरस्त्याप्रमाणें अशा गड्यास डाव्या कडेस ठेवीत, कारण तेथून थेट कोपऱ्यापर्यंत धांवत जाऊन डाव्या पायानें गोलासमोर चेंडू टाकणें त्यास सोपें जातें. रॉबेनहि आरंभीं बहुधा डाव्या कडेसच खेळे. परंतु बायर्नचे शिक्षक लुई व्हान गाल ह्यांनीं फ्रेंच गडी फ्रांक रिबेरी ह्यास डावीकडे आणि रॉबेनला उजवीकडे ठेविलें. त्यामुळें त्याचा बलवान् पाय मैदानाच्या आंतल्या बाजूस आला. तो उजव्या रेघेनें चेंडू घेऊन येई, बॅकसमोर क्षणभर गति मंद करी, एकदम आंत वळे, गोलाला समांतर चार-सहा पावलें धांवे, आणि डाव्या पायानें असा फटका मारी कीं, चेंडू बाहेरून वळसा घेत दूरच्या खांबाच्या आंतल्या बाजूनें जाळ्यांत शिरे. मार्च २०१० मध्यें फ्लॉरेन्स शहरीं फिओरेंतिना संघाविरुद्ध त्यानें असाच आंत वळून दुरून गोल केला. तो सामना बायर्ननें गमावला खरा, पण त्या एका गोलामुळें दोन सामन्यांच्या हिशेबांत तेच पुढें गेले.

बॅकला हें ठाऊक नव्हतें कां? पुरतें ठाऊक होतें. परंतु ज्या पालकांनीं लहानपणीं हुतूतूचे डाव खेळले असतील, त्यांस ह्यांतील मर्म चटकन् कळेल. चढाई करणारा गडी शेवटीं मध्यरेषेकडे परत जाणार हें सर्वांनाच माहीत असतें. तरी तो हातीं लागत नाहीं. रॉबेन आंत वळणार हें बॅकला ठाऊक असे. कोणत्या पावलावर वळणार हें मात्र ठाऊक नसे. धांवतांना तो जवळजवळ प्रत्येक पावलास चेंडूला डाव्या पायाचा हलकासा स्पर्श करी, म्हणून कोणत्याहि क्षणीं दिशा बदलणें त्याला शक्य असे. मनुष्यानें एखादी हालचाल पाहिल्यापासून त्याचा पाय हलेपर्यंत सुमारें एक पंचमांश सेकंद लागतो. हा काळ आपणांस क्षुल्लक वाटतो. परंतु सेकंदास आठ मीटर वेगानें धांवणारा मनुष्य तेवढ्यांत दीड मीटराहून अधिक पुढें गेलेला असतो. शिवाय बॅक बिचारा मागें मागें सरत असतो, त्याच्या शरीराचा भार एका पायावर पडलेला असतो. तो पाय उचलल्यावांचून त्याला दुसरीकडे जातां येत नाहीं. रॉबेन नेमका तो क्षण साधी.

बरें, आधींच आंतली वाट अडवून उभें राहावें, तर बाहेरची वाट मोकळी होते. तिकडून रॉबेन कधीं कधीं स्वतः जाई, आणि फिलिप लाम हा त्याच्या मागून खेळणारा गडी तर त्या वाटेनें धांवण्यास सदैव सज्ज असे. लाम धांवला म्हणजे बॅकचें लक्ष दुभंगे. चेंडू लामला बहुतेक वेळीं मिळत नसे; तरी रॉबेनच्या कित्येक गोलांत ह्या न दिसणाऱ्या धांवेचा भाग आहे, आणि वर्तमानपत्रांनीं त्याचें श्रेय लामला पुरेसें दिलें नाहीं असें वाटतें.

युक्तीचा विचार झाला, आतां मनुष्याचा. २०१० सालीं बायर्न संघ युरोपच्या अंतिम सामन्यांत मिलानच्या इंटर संघाकडून ०-२ असा हरला. त्यानंतर सात आठवड्यांनीं, ११ जुलै रोजीं, जोहान्सबर्ग येथें जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना झाला. बरोबरी चालू असतां रॉबेन चेंडू घेऊन एकटा स्पेनच्या गोलापुढें आला. गोलरक्षक कासियास उलट्या दिशेस झेपावला होता; परंतु त्याचा मागें राहिलेला पाय चेंडूला लागला व चेंडू बाहेर गेला. जास्तीच्या वेळांत स्पेननें गोल करून जगज्जेतेपद मिळविलें. स्पर्धेपूर्वींच दुखावलेली मांडी घेऊन रॉबेन खेळला होता. म्यूनिखला परतल्यावर स्नायू मोठा फाटलेला आढळला आणि अर्धा हंगाम त्याला बाहेर बसावें लागलें.

ह्याहून कठीण वर्ष पुढें होतें. एप्रिल २०१२ मध्यें डोर्टमुंडविरुद्ध संघ एका गोलानें मागें असतां शेवटच्या कांहीं मिनिटांत मिळालेली पेनल्टी रॉबेननें दवडली, आणि जर्मनीचें विजेतेपद हातचें गेलें. १९ मे रोजीं युरोपचा अंतिम सामना म्यूनिख शहरींच, स्वतःच्या मैदानावर होता, प्रतिपक्ष चेल्सी. १-१ अशी बरोबरी झाल्यावर जास्तीच्या वेळांत पुन्हां पेनल्टी मिळाली, पुन्हां रॉबेन पुढें झाला, आणि त्याच्या जुन्या संघाचा गोलरक्षक पेत्र चेक ह्यानें ती अडविली. पुढें पेनल्ट्यांवर निकाल लागावयाचा होता, त्यांत रॉबेननें फटका मारला नाहीं. बायर्न हरले. तीनच दिवसांनीं त्याच मैदानावर बायर्न व नेदर्लंड्स ह्यांचा स्नेहसामना झाला. हा सामना कशासाठीं ठरला होता, तर २०१० सालीं रॉबेनच्या दुखापतीमुळें बायर्नचें जें नुकसान झालें त्याच्या भरपाईसाठीं! रॉबेन आपल्या देशाच्या संघांतून खेळत होता. म्यूनिखच्या प्रेक्षकांनीं त्याच्या पायाशीं चेंडू येतांच शिट्ट्या वाजवून त्याची अवहेलना केली. तीन वर्षें ज्याच्या नांवाचा जयजयकार केला, त्याचीच. जमावाची स्मृति फार अल्प असते. त्यांतून पराजित जमावाची.

त्यानें क्लब सोडला नाहीं. २५ मे २०१३ रोजीं लंडनच्या वेम्ब्ले मैदानावर बायर्न व डोर्टमुंड हे दोन जर्मन संघ युरोपच्या अंतिम सामन्यांत समोरासमोर आले. पूर्वार्धांत रॉबेननें चांगल्या संधि घालविल्या, आणि बाकांवर बसलेल्यांपैकीं पुष्कळांच्या मनांत ‘पुन्हां तेंच’ असें आलें असेल. साठाव्या मिनिटास त्यानें दिलेल्या चेंडूवर मांझुकिचनें गोल केला. गुंडोआननें पेनल्टीवर बरोबरी साधली. एकुणनव्वदावें मिनिट. मागून आलेला लांब चेंडू रिबेरीनें पाठमोरा असतां थोपवून सोडला, आणि रॉबेन दोन बॅकांच्या मधून शिरला. येथें त्याची सुप्रसिद्ध युक्ति नव्हती. उजवी कड नव्हती, वळसा घेणारा फटकाहि नव्हता. गोलरक्षक वाइडेनफेलर पुढें आला. त्याच्या अंगावरून जोराचा फटका मारण्याचा मोह कोणालाहि झाला असता. रॉबेननें डाव्या पायानें चेंडू अगदीं हळू, जमिनीसरसा, त्याच्या बाजूनें सरकविला. चेंडू इतका सावकाश गेला कीं तो पोहोंचतो कीं नाहीं अशी शंका यावी. बायर्न २, डोर्टमुंड १.

त्याच्या खेळावर एक डागहि आहे आणि तो लपविणें उचित नव्हे. बॅकचा जरासा स्पर्श होतांच, कधीं न होतांहि, तो नाटकी रीतीनें पडे. २०१४ सालच्या जागतिक स्पर्धेंत त्यानें स्पेनविरुद्ध दोन अप्रतिम गोल केले व त्याच्या देशानें ५-१ असा जय मिळविला. पण पुढें मेक्सिकोविरुद्ध अखेरच्या क्षणीं त्याच्या पडण्यावर मिळालेल्या पेनल्टीनें सामना जिंकला गेला, तेव्हां मोठा गहजब झाला. रॉबेननें सामन्यानंतर सांगितलें कीं, ती पेनल्टी खरी होती, परंतु पूर्वार्धांत आपण एकदां खोटेंच पडलों व तें चुकलें. त्यानें कबुली दिली हें चांगलें केलें. तरी ज्याच्या पडण्याचा पंचांना भरंवसा उरत नाहीं, त्याला खरोखर पाडलें असतांहि न्याय मिळणें कठीण, ही अडचण त्यानें स्वतःच ओढवून घेतली होती. त्या स्पर्धेंत त्याचा संघ तिसरा आला.

देशासाठीं ९६ सामने व ३७ गोल करून ऑक्टोबर २०१७ मध्यें तो तेथून निवृत्त झाला. शेवटच्या सामन्यांत स्वीडनविरुद्ध दोन्ही गोल त्याचेच होते. बायर्नमध्यें तो दहा हंगाम राहिला, आठ वेळां जर्मनीचें विजेतेपद पाहिलें. मे २०१९ मध्यें म्यूनिखच्या मैदानावरील अखेरच्या सामन्यांत तो आणि रिबेरी दोघेहि राखीव म्हणून उतरले व दोघांनींहि एकेक गोल केला. ज्या लोकांनीं सात वर्षांपूर्वीं शिट्ट्या वाजविल्या होत्या, तेच आतां उभे राहिले होते.

त्यानें खेळ सोडला. पण वर्षभरानें पुन्हां धरला. टाळेबंदीच्या काळांत अडचणींत सांपडलेल्या आपल्या जुन्या ग्रोनिंगेन क्लबास मदत व्हावी, म्हणून २०२० सालीं वयाच्या सदतिसाव्या वर्षांत तो परत आला. पहिल्याच सामन्यांत पाय दुखावला आणि अर्ध्या तासांत त्याला बाहेर जावें लागलें. मग महिन्यांमागून महिने उपचार. संबंध हंगामांत त्याला सातच सामने खेळतां आले. त्यांपैकीं मे २०२१ मध्यें एम्मेन संघाविरुद्ध त्यानें दोन गोलांस चेंडू पुरविले आणि ग्रोनिंगेन ४-० जिंकलें. जुलैमध्यें त्यानें कायमची निवृत्ति जाहीर केली. पुढल्या एप्रिलांत रॉटरडॅमच्या मॅरेथॉन शर्यतींत हा काचेचा मनुष्य बेचाळीस किलोमीटर न थांबतां सव्वातीन तासांच्या आंत धांवला.