'बॅकअप सक्सेसफुल'च्या मेलवर विसंबू नका

स्टँडबाय आमच्याकडेही होता. चाकणच्या प्लँटला प्रायमरी, भोसरीच्या ऑफिसात स्टँडबाय, दोन्हीकडे पोस्टग्रेस. रात्रीचा डम्प स्टँडबायवरून घ्यायचा, ही एएमसीवाल्यांची कल्पना. कल्पनेत खोट नव्हती, कामात होती.

महिनाअखेरीला त्यांच्याच माणसाने एक अपडेट चालवला आणि त्यात 'व्हेअर' लिहायचं राहिलं. स्टॉकचे आकडे सगळीकडे एकच. काही सेकंदांत भोसरीलाही तेच. गाड्या भरायला उभ्या, चलन निघेना. म्हटलं, डम्प आहे. उघडला, तर स्टॉक लेजरच्या मधल्याच एका ओळीवर फाइल तुटलेली. आदल्या रात्रीची तशीच, त्याआधीचीही तशीच. आणि रोज सकाळी मेल: 'बॅकअप सक्सेसफुल'.

लॉगमध्ये कारण ढळढळीत होतं: 'कॅन्सलिंग स्टेटमेंट ड्यू टु कॉन्फ्लिक्ट विथ रिकव्हरी'. प्रायमरीवर व्हॅक्यूमने काढलेल्या जुन्या ओळी स्टँडबायवरूनही काढायच्या असतात आणि डम्पला नेमक्या त्याच हव्या असतात. सेटिंग बदललं नसेल तर रिकव्हरी जास्तीत जास्त 30 सेकंद थांबते, मग डम्पलाच उडवते. स्क्रिप्टमध्ये डम्प पाइपने जीझिपकडे जात होता. डम्प मेला, जीझिप ठणठणीत, आणि शेलने निकाल जीझिपचा धरला.

"सर, मेल तर रोज येत होता ना?" हे एएमसीवाल्यांनी भर मीटिंगमध्ये मलाच विचारलं! रिस्टोर करून दाखवा, असं मी लेखी मागितलं होतं. उत्तर होतं, 'पुढच्या क्वार्टरला बघू'. त्याची प्रिंट टेबलावर ठेवली, तर म्हणे रिस्टोर स्कोपमध्ये नाही. शेवटी स्टोअरच्या पोरांनी रात्रभर बिन मोजून साठा पुन्हा चढवला.

तेव्हा सांगतो ते ऐका. स्क्रिप्टमध्ये 'पाइपफेल' लावा. साध्या एसक्यूएल डम्पच्या शेवटी 'डेटाबेस डम्प कम्प्लीट' ही ओळ असते, ती रोज तपासा. डम्पपुरता 'पीजी_वॉल_रिप्ले_पॉज' करा आणि संपल्यावर, डम्प फसला तरीही, 'रिझ्यूम' करा. नाहीतर वॉल साचून डिस्क भरते. 'हॉट_स्टँडबाय_फीडबॅक' चालू केलात तर व्हॅक्यूमचा त्रास थांबतो, पण प्रायमरी फुगते.

अख्ख्या क्लस्टरचा बॅकअप हवा असेल तर डेटा डिरेक्टरी नुसती टार करू नका. आवृत्ती 9.2 पासून पीजी_बेसबॅकअप स्टँडबायवरूनही चालतो. मात्र वॉल सोबत न घेता चालवलात तर, गुरुवारी प्लँट बंद, प्रायमरीवर हालचाल नाही, तेव्हा शेवटची वॉल फाइल अर्काइव्ह होईपर्यंत तो ताटकळू शकतो. स्टँडबायवरून ती फाइल बदलता येत नाही. 'पीजी_स्विच_वॉल' प्रायमरीवरच चालवावं लागतं.

बाकी नेहमीचंच: करार वाचून सही करा, सगळं लेखी ठेवा. आणि एक कलम घालाच: रिस्टोर करून दाखवल्याशिवाय पेमेंट नाही. आमच्या जुन्या मंडळींना ते मान्य झालं नाही, गेली. शेवटचं बिल मात्र न चुकता वेळेवर आलं.