मागे राहणाऱ्याची वारी

शास्त्रकारांनी कर्माचे चार प्रकार सांगितले आहेत : नित्य, नैमित्तिक, काम्य आणि निषिद्ध. त्यांपैकी नित्यकर्माचे लक्षण मोठे मार्मिक आहे. ते केले म्हणून वेगळे असे फळ पदरात पडत नाही. मात्र न केले तर प्रत्यवाय, म्हणजे दोष, लागतो. पाठशाळेत आम्हांला हे संध्यावंदनाचे उदाहरण देऊन शिकविले. पण भाविक वाचकहो, शेतकऱ्याच्या घरातील रोजच्या कामाइतके ह्या लक्षणाचे चोख उदाहरण मला दुसरे दिसत नाही. चूल पेटली, धार निघाली, गोठा लोटून झाला, तर शाबासकी कोणी देत नाही. एक दिवस राहिले की घरभर बोभाटा होतो.

आता वारकऱ्याची वारी हाही नेमच. गळ्यात माळ घातली, की आषाढीला पंढरी चुकवायची नाही. तेव्हा प्रश्न असा, की दोन नेम एकाच आठवड्यात समोर उभे राहिले तर काय करावे? हा प्रश्न नुसत्या वादाचा नाही. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबारायांची पालखी निघते, अष्टमीला आळंदीहून माउलींची निघते, आणि मृगाची पेरणी त्याच सुमाराची. दर वर्षी हजारो घरांत हा पेच पडतो.

२०२५ साली तो अधिकच पडला. त्या वर्षी पाऊस फार लवकर आला. २४ मे रोजी केरळात आणि २६ मे रोजी मुंबईत. ऐन मशागतीच्या दिवसांत राने ओली राहिली आणि पुष्कळांची कामे मागे पडली. त्या जून महिन्यात कीर्तनाच्या निमित्ताने बार्शी तालुक्यातील एका घरी मी आठवडाभर उतरलो होतो. घरात वडील माणसे दोघे, मुलगा, सून आणि एक नातू. म्हातारा-म्हातारी दोघेही माळकरी, दिंडीतले जुने वारकरी. १९ जूनला आळंदीचे प्रस्थान, आणि पेरणी अजून व्हायची होती. त्या सात दिवसांत जे पाहिले, ते पोथीला धरून सांगतो.

पहिला दिवस बियाण्याचा. सोयाबीन घरचेच होते. आठ दिवसांपूर्वी म्हातारबुवांनी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले होते. ते उघडून मोजले, तर अठ्ठ्याहत्तर उगवलेले. सत्तरच्या वर उगवले म्हणजे बियाणे पेरायला चालते. मुलाच्या मागे घाई होती. त्याने बियाण्याची पिशवी खांद्यावरून धाडकन खाली टाकली. म्हातारबुवा म्हणाले, "अरे, हळू ठेव. ह्याचं साल पातळ असतं. आपटलं की वरनं दिसत नाही, पण आतला कोंब मरतो." सज्जनहो, घरातल्या माणसांचेही असेच आहे. घाईत टाकलेला शब्द वरून दिसत नाही. आधी शंभर दाणे तपासतो, तसा बोलण्याआधी निदान एक शब्द तरी तपासावा.

दुसऱ्या रात्री पाऊस झाला. ट्रॅक्टरची पाळी सकाळची होती, पण रानाला वापसा नव्हता. मुलगा म्हणाला, "पाळी गेली तर चार दिवस मिळायची नाही. तुम्हांला तर मंगळवारी निघायचंय." म्हातारबुवांनी मूठभर माती उचलली आणि दाबली. तिचा लाडू झाला, फुटेना. "चिखलात पेरलं तर बी कुजंल, वरनं ढेकूळ बसंल. माझ्या वारीसाठी रानाचं वाटोळं नको." पाळी शेजाऱ्याला दिली. आपले पुण्य साधावे म्हणून दुसऱ्याचा वर्षाचा घास धोक्यात घालू नये, एवढा विवेक ज्याच्याजवळ आहे त्याची वारी चालण्याआधीच सुरू झाली.

तिसऱ्या रात्री गाय व्यायली. संध्याकाळपासून ती अडली होती. हरिपाठाची वेळ झाली, पण सगळे घर गोठ्यात. वासरू उभे करायचे, तासाभरात त्याला चीक पाजायचा, वार पडेपर्यंत गाईजवळ बसायचे. म्हातारबुवांनी गाईच्या पाठीवर हात ठेवला आणि तिथेच हरिपाठ म्हटला. सुनेने चीक पाजता पाजता धरला. नेम चुकला नाही, जागा तेवढी बदलली. नेमाला जागा लागते, हे खरे. पण गाय तडफडत असता जो देवघर सोडीत नाही, त्याने नेम राखला असे मी म्हणणार नाही.

चौथा दिवस रविवार. वापसा आला आणि पेरणी झाली. सावडीने आलेली माणसे धरून चौदा जण जेवायला. सून पहाटे चारला उठली. भाकरी, पिठले, कांदा, ताक सगळे रानात गेले. चौदा जण जेवून उठले तेव्हा टोपल्यात एक भाकरी उरली. तीच तिने खाल्ली. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञातून उरलेले खाणारा दोषांतून सुटतो, आणि केवळ स्वतःसाठी रांधणारा पाप खातो, असे भगवंत सांगतात. ज्ञानोबारायांनी तर तिथे स्वधर्मालाच नित्ययज्ञ म्हटले आहे. त्या दृष्टीने ती भाकरी यज्ञशेष खरीच. पण इथे एक विचार करावा. शेवटी जेवणे हे तिचे व्रत झाले. तिच्यासाठी पुरेसे उरले की नाही हे पाहणे हे इतर चौदा जणांचे कर्तव्य होते. यज्ञात शेष उरविण्याची जबाबदारी जेवणाऱ्यांवर असते. हे ज्या घरात विसरले जाते, तिथे एकीचा यज्ञ आणि बाकीच्यांची चंगळ, एवढेच होते.

पाचवा दिवस सोमवार, १६ जून. शाळा उघडली. नातवाचे दप्तर, गाईची धार, आणि त्यातच बांधावर भाऊबंदाशी तंटा. पेरताना ट्रॅक्टरने एक तास बांध कोरला, अशी त्यांची तक्रार. मुलगा हमरीतुमरीवर आला. म्हातारबुवांनी टेप आणून स्वतः मोजले, वीतभर अंतर इकडे आले होते, ते दोघांसमक्ष सोडून दिले. रात्री ते मला म्हणाले, "महाराज, चंद्रभागेत अंग धुवायचं आणि दुसऱ्याचा बांध अंगाला चिकटलेला, हे कसं जमायचं?" ह्यावर मी वेगळे निरूपण काय करणार?

आता सहावा दिवस. मंगळवारी सकाळी एस.टी.ने आळंदीला जायचे. दोन पिशव्या भरून ठेवल्या होत्या. गाय नुकती व्यालेली, पोर शाळेत, म्हणून सून घरी राहणार हे ठरलेलेच. लग्न होऊन बारा वर्षे झाली, दर वर्षी ते ठरलेलेच असे. निघण्याच्या वेळी म्हातारीने आपली पिशवी उचलली आणि सुनेच्या हातात दिली.

"आवंदा तू जा. मी राहते."

"आत्या, असं कसं? तुमचा नेम हाय."

"माझा नेम तुझ्या जिवावर चाललाय, पोरी. मी तिकडं टाळ्या वाजवीत होते, तवा इकडं धारा कोण काढीत होतं? बारा वारीतल्या निम्म्या तुझ्याच हायेत."

म्हातारबुवा गप्प उभे होते. मग म्हणाले, "चल सूनबाई, गाडी चुकंल." सातव्या दिवसापासून मुलगा पहाटे उठून धार काढू लागला, आईच्या गुडघ्यांना बसवत नव्हते.

इथे कोणी शंका घेईल, की म्हातारीचा नेम मोडला, त्याचे काय? आमच्या संप्रदायाचे दैवत विटेवर का उभे आहे, ते आठवावे. परंपरा सांगते, की भगवंत पुंडलिकाच्या दारी आले तेव्हा तो आईबापांची सेवा करीत होता. त्याने वीट फेकली आणि देवाला थांबायला सांगितले. देव रागावला नाही, परत फिरला नाही, थांबला. एका घरातले काम संपले नव्हते म्हणून पंढरी झाली. जो देव स्वतः घरातल्या सेवेसाठी तिष्ठत उभा राहिला, तो त्या सेवेपायी थांबलेल्या म्हातारीला गैरहजर कसा मांडील?

पण ह्या कथेचा दुरुपयोगही होतो. "घरातच पंढरी आहे" असे सांगून सुनांना वर्षानुवर्षे उंबऱ्याआत ठेवतात. त्यांना विचारावे, की पुंडलिक कोण होता? तो मुलगा होता, पुरुष होता. पाय चेपण्याचे काम त्याने बायकोवर सोपवून स्वतः देवदर्शन घेतले, असे कोठेही सांगितलेले नाही.

दुसरी शंका उलट बाजूची. अरणचे सावतोबा आपल्या मळ्यातच विठ्ठल पाहत. मग शेतातच राहावे, वारी कशाला? त्यास उत्तर असे, की सावतोबांच्या मळ्यात अखंड नाम होते. ज्याच्या मळ्यात नाम नाही, त्याने त्यांचे नाव पुढे करून घरी बसू नये. काम वारीच्या बदली चालत नाही, आणि वारी कामाच्या बदली चालत नाही. दोन्ही नेम माणसांनी आपसांत वाटून घ्यायचे असतात, आणि वाटणी दर वर्षी एकाच माणसावर पडू द्यायची नसते.

६ जुलैला एकादशी झाली. मागाहून कळले, की सून परतली तेव्हा सोयाबीन चांगले उगवून आले होते. तिने बुक्का पुढे केला आणि वाकू लागली, तर म्हातारीने आधी तिच्या पायांना हात लावला. वारीहून आलेल्याच्या पाया पडावे, ही आपली रीतच आहे; तिथे सासू-सून असा भेद नाही.

तेव्हा वारकरी बंधुभगिनींनो, पुढच्या प्रस्थानाआधी तीन गोष्टी कराव्या. बांधावरचा आणि घरातला तंटा मिटवून निघावे. मागे राहणाऱ्याच्या हाताला दुसरा हात आहे की नाही ते पाहावे. आणि मागच्या वर्षी घर कोणी सांभाळले ते आठवून, ह्या वर्षी पिशवी त्याच्या हाती द्यावी. जो राहील त्याने घरी एकादशी धरावी, सायंकाळी हरिपाठ म्हणावा. त्याची हजेरी वाळवंटात लागते, अशी आमची श्रद्धा आहे.

रामकृष्णहरि.